कोणतं गाऱ्हाणं कोणत्या निवडणुकीत मांडायचं

वहीचं एक पान घ्या आणि गेल्या वर्षभरात तुमचं काय काय अडलं ते लिहून काढा. पक्षाचं नाव नको, नेत्याचं नको, नुसती अडलेली कामं. नळाला पाणी नाही. गटार तुंबली. शाळेची खोली गळते. डीपी (विजेचं रोहित्र) जळाली आणि ऐन उन्हाळ्यात केळी वाळली. कापसाला भाव नाही. घराचा उतारा मिळेना. हे पान भरल्याशिवाय ‘लोकसभा मोठी की ग्रामपंचायत’ या वादात पडूच नका. जळगाव जिल्ह्यातल्या यावल, चोपडा, अमळनेर या तालुक्यांत मी ग्रामसेवक म्हणून नोकरी केली (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, काम तेच), आणि हा वाद पारावर रात्र-रात्र चालताना ऐकला. दिल्लीवर तावातावाने भांडणाऱ्याला आपल्या प्रभागातल्या सदस्यांची नावं विचारा, तो शेजाऱ्याकडे बघतो.

आता प्रत्येक कामापुढे ते कोणाच्या टेबलावर जातं ते लिहायचं.

गटार, पथदिवे, घरपट्टी, नमुना आठचा उतारा, कचरा: ग्रामपंचायत. इथे डोकं लावायची गरज नाही. शाळेची खोली, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र: जिल्हा परिषद. पण तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय मात्र राज्याचं, तिथे डॉक्टर नसला तर जिल्हा परिषद सदस्याला धरून उपयोग नाही. डीपी महावितरणची, म्हणजे राज्य. गिरणेचं आवर्तन जामदा कालव्याला कधी सुटणार, हेही राज्याचं जलसंपदा खातं ठरवतं. ही तिन्ही आमदाराच्या खात्यावर लिहा.

रस्त्याचं कोडं बहुतेकांना सुटत नाही. सोपी खूण सांगतो: मैलाच्या दगडाचं डोकं बघा. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर गावरस्ता. दगड शाबूत नसेल (नसतोच बऱ्याचदा) तर बांधकाम उपविभागात जाऊन विचारा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. एकाच खड्ड्यासाठी सरपंच, आमदार आणि खासदार अशा तिघांना शिव्या घालणारी गावं मी पाहिली आहेत. खड्डा त्या तिघांपैकी कोणाचाच नव्हता.

पाणी जरा सावकाश समजून घ्या. घरोघरी नळाची जलजीवन योजना केंद्र आणि राज्याच्या निम्म्या-निम्म्या पैशांची. बहुतेक ठिकाणी पाइपलाइन आणि टाकीचं काम जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाने दिलेल्या ठेकेदाराचं. आणि रोज सकाळी व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस ग्रामपंचायतीचा. नळ एक, मतं तीन. म्हणून ‘पाणी नाही’ असं मोघम लिहू नका. पाइपच आला नाही, की टाकी अर्धवट आहे, की टाकी भरते पण आपल्या गल्लीत सोडत नाहीत, हे वेगळं करा. शेवटचं असेल तर ती ग्रामपंचायत निवडणुकीची गोष्ट. एका ग्रामसभेत एक आजी मला म्हणाल्या होत्या, “भाऊसाहेब, नळले पानी नही, मी दिल्लीले काय इचारू?” त्यांच्या गल्लीपुरतं ते शंभर टक्के खरं होतं.

पण दिल्लीला काहीच विचारायचं नाही असं नाही. कापसाचा हमीभाव केंद्र ठरवतं. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. त्या भावाने कापूस घेणारं सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) केंद्राचं. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं गेलं आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, नेमकी आपली वेचणी सुरू असताना. त्याचा जाब सरपंचाला विचारून काय होणार? मनमाड-इंदूर हा धुळ्यावरून जाणारा ३०९ किलोमीटरचा रेल्वेमार्गही सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानेच मंजूर केला. केळीच्या फळपीक विम्यात तर केंद्र, राज्य आणि शेतकरी असे तिघांचे हप्ते. तिथे खासदार आणि आमदार दोघांनाही धरा, कारण ते एकमेकांकडे बोट दाखवतात.

पान भरलं की मोजा. बिगर-शेतकरी घरात खालच्या टेबलांची कामं हमखास जास्त निघतात. कापूस-केळीवाल्याच्या घरात कामं खाली जास्त आणि पैसा वर जास्त, असं दिसतं. माझं मत विचाराल तर रोजच्या जगण्याला गावची निवडणूक जवळची, आणि तिथे तुमच्या मताला वजनही जास्त. २०२४ ला धुळे लोकसभेचा निकाल ३,८३१ मतांनी लागला तर सगळे त्याला अटीतटीचा म्हणाले. ग्रामपंचायतीत समसमान मतं पडून चिठ्ठी टाकायची वेळ येते.

कोणी म्हणेल, जिल्हा परिषदेत निवडून आलेले सदस्य नसले म्हणून काय बिघडतं? जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, धुळे-नंदुरबारची जानेवारी २०२५ मध्ये, आणि तिथे प्रशासक बसले. शाळा बंद पडल्या नाहीत, पगार झाले, हे मान्य. पण चार गावांच्या गळक्या खोल्यांपैकी आधी कोणती दुरुस्त करायची, हे भर सभेत भांडून ठरवणारं कोणी उरलं नाही. ज्याची आमदाराकडे ओळख, त्याचं काम पुढे.

मतदानाआधीचं एक काम लोक हमखास विसरतात. स्थानिक निवडणुकीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडून तयार होते. प्रभागाची प्रारूप यादी लागल्यावर हरकत घेऊन चुकलेला प्रभाग बदलून घेता येतो, नवं नाव घालता येत नाही. त्यामुळे घरात सून आली असेल, पोरगा अठराचा झाला असेल, तर नमुना ६ आधीच भरा. घर बदललं असेल तर नमुना ८. हे अर्ज घेणारे बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारे) बहुधा गावातलीच अंगणवाडी सेविका किंवा गुरुजी असतात. ग्रामपंचायतीला सरपंचाचं एक मत, शिवाय प्रभागात जितक्या जागा तितकी सदस्यांची; एकच बटण दाबून बाहेर निघणारे दर वेळी सापडतात. आणि इथे पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे कपबशी-पतंगात वरचा पक्ष शोधत बसू नका, माणूस बघा.

मत मागायला आलेल्याला त्याच्याच टेबलाचं विचारा. सरपंचपदाच्या उमेदवाराला विचारा: पंधराव्या वित्त आयोगाचे किती पैसे आले, त्यातला पाणी-स्वच्छतेचा बंधित निधी कशावर गेला? हा पैसा (आयोगाची मुदत मार्च २०२६ पर्यंतची) दिल्लीचा, पण त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि खर्चाचा आराखडा गावचा. उत्तर खरं की खोटं ते ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघता येतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे पेसा गावांत (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधीही येतो, त्याचंही विचारा.

निवडणूक झाल्यावर ते पान फेकू नका. ग्रामसभा वर्षात किमान चार व्हायला हव्यात. अर्ज आधी लेखी द्या, पोच घ्या, आणि सभेत ‘प्रोसिडिंगला घ्या’ म्हणून उभं राहा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जी कमी असेल ती. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि लोक घरी जातात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, तेच विषय मूठभर माणसांत मंजूर होतात. म्हणून तहकुबीची घोषणा झाली की पुढची तारीख, वेळ आणि जागा तिथल्या तिथे विचारून घ्या, आणि त्या दिवशी शेजारच्या दोन घरांना सोबत घेऊन हजर राहा.