जळालेली मोटर आधी पाहायची असते

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात असलेल्या आमच्या गावात एखादा मुलगा "काका, आता कोणता कोर्स करू?" असे विचारायला आला, की मी त्याला आधी घरी शेत किती आणि त्यात पाण्याखालचे ओलीत किती हे विचारतो. कापूस केंद्र, मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरीत नवी तार भरणे) आणि सौरपंप असे तीन धंदे मी आयुष्यात केले, पण आधीचा धंदा चालू असतानाच पुढचा शिकलो, कारण कोरडवाहू घरात एक वर्ष बिनकमाईचे बसून शिकण्याची सोय नसते.

दहावीला गणितात नापास झालो आणि कापूस खरेदी केंद्रावर हंगामी मदतनीस म्हणून लागलो. राज्यात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस सरकारनेच घ्यायचा, आणि दिवाळीनंतर केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागे. रुईची चिमूट दोन्ही हातांच्या बोटांत ओढून धाग्याची लांबी जोखणे, कवडी (किडका, डागाळलेला कापूस) आणि पातीकचरा ओळखणे, मुठीत दाबून ओल पाहणे, हे कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या मागे उभे राहून शिकलो. कागदावर मात्र मी नापासच राहिलो.

केंद्र बंद झाले, की उन्हाळ्यात एका रिवाइंडिंगच्या दुकानात बसू लागलो. पहिल्याच आठवड्यात मी जळालेल्या मोटरची तार छिन्नीने कापायला घेतली, तेव्हा उस्ताद ओरडले, "कापू नको लेका, पयले पाय!" म्हणजे आधी पाहा. विजेच्या तीन तारा म्हणजे तीन फेज, आणि मोटरीतल्या तिन्ही फेजच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्यांची) एकेक टोके एकत्र बांधलेली असली की ती स्टार जोडणी. अशा मोटरमध्ये दोन फेजच्या कॉइल काळ्या पडून तिसऱ्या फेजच्या शाबूत राहिल्या असतील, तर एक फेज गेलेली असताना मोटर चालत राहिली; सगळ्याच सारख्या काळवंडल्या असतील, तर जादा भार किंवा कमी व्होल्टेज. हे न पाहता नवी तार भरली, तर तीच मोटर पुढल्या महिन्यात पुन्हा दुकानात येते. आमच्याकडे तिसरी फेज नसली तरी दोनच फेजवर कंडेन्सर लावून पंप ओढण्याची सवय असल्यामुळे अशा मोटरींचा तोटा कधीच पडला नाही, हेही सांगायला हवे.

शिक्षण पुन्हा सुरू केले ते यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे. 1989 साली नाशिकला स्थापन झालेल्या या विद्यापीठात त्या काळी बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी अभ्यासक्रम करून बी. ए. ला बसता येत असे. पुस्तके मी श्रावण-भाद्रपदात वाचत असे, कारण पाऊस असला की ओलिताची गरज नसते, मोटरी चालत नाहीत आणि जळतही नाहीत; हरभरा-गव्हाच्या ओलिताला दुकानात मान वर करायला वेळ नसे. तीन वर्षांची पदवी मला पाच वर्षे लागली आणि त्याची मला लाज वाटत नाही. नव्याने नाव घालणाऱ्याने प्रवेशाच्या तारखेआधी आपल्या कामाचे महिने कॅलेंडरवर मांडून पाहावेत, कारण बहुतेकांचा अभ्यास बुद्धीअभावी नव्हे, तर पेरणीच्या आठवड्यात सुटतो.

एकदा फसलोही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी वर्गाने तारतंत्री (वायरमन) परवान्याची हमी देऊन फी घेतली आणि हाती दिला तो त्यांच्याच शिक्क्याचा रंगीत कागद. त्यानंतर पैसे भरण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: परीक्षा कोण घेते आणि दाखल्यावर सही कोणाची असते?

सौरपंप शिकलो तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. 2019 साली केंद्र सरकारची सौरपंपांसाठीची कुसुम योजना आली, राज्याचेही पंप बसू लागले आणि रिवाइंडिंगचे काम पुढे कमी होणार हे दिसत होते. प्रशिक्षणात सगळी मुले माझ्या मुलापेक्षा लहान होती. मोटरीबद्दल त्यांना मी सांगत असे, पण जुनी सवय माझ्याच अंगावर आली असती. चाळीस वर्षे मी फ्यूजची ग्रिप काढली म्हणजे लाइन मेली, तारेत वीज उरली नाही, असे समजत आलो. पॅनलवर ऊन आहे तोवर त्याच्या तारांत डीसी व्होल्टेज असतेच आणि भार चालू असताना जोडणी ओढली तर ठिणगी लवकर विझत नाही. पॅनलची वीज पंपाला देणारा कंट्रोलर उघडून मी सवयीने हात पुढे केला, तेव्हा शेजारच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाने मनगट धरले आणि म्हणाला, "काका, पयले मीटर लावून पाहा."