मंडळीत एआय वापरायचं, तर आधी सही कोणाची ते ठरवा

“बाई, एआय वापरणं पाप आहे का हो?” राहुरी-शेवगावकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून (चर्चमधून) मला हे सारखं विचारतात. मी त्याचं उत्तर देत नाही, कारण हो म्हटलं काय नि नाही म्हटलं काय, हाती काही लागत नाही. यंत्राचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 साली आपल्या अहमदनगरातच सुरू झालं, ते छापखान्याच्या जोरावर. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, तेही केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यातच छापलं गेलं. त्या पानांमागे कोण उभं आहे, हे मात्र वाचणाऱ्याला ठाऊक असायचं.

म्हणून मी उलट विचारते: हे काम झाल्यावर खाली सही कोणाची? सही करणाऱ्याला “हे माझं, चुकलं तर मला धरा” असं म्हणता येत असेल तर खुशाल वापरा. येत नसेल तर नको. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी एप्रिल 2019 मध्ये एआयवर एक निवेदन काढलं, त्यातही हेच आहे. नैतिक जबाबदारी यंत्राच्या गळ्यात घालता येणार नाही. आपल्या कृत्यांचा आणि आपण घडवलेल्या हत्यारांच्या करणीचा जाब देव माणसालाच विचारणार. त्या लोकांशी माझं सगळ्याच बाबतीत पटतं असं नाही, पण हे सोळा आणे खरं.

मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून मंडळीची सेक्रेटरी आहे. पुढे लिहिलीय ती आमच्याकडची चालू पद्धत. तुमचे पाळकसाहेब (पाद्री) एकटे चार गावं सांभाळत असतील तर थोडं कमी-जास्त करून घ्या.

आधी वहीत रेघ मारा

कमिटीच्या बैठकीत वहीचं एक पान घ्या आणि मधोमध रेघ ओढा. डावीकडे अशी कामं लिहा ज्यात कुणाचं दुखणं, कुणाचा पैसा किंवा देवाचं वचन येत नाही. मांडव-खुर्च्यांची यादी, सहलीचं वेळापत्रक, डायोसिसकडून (धर्मप्रांताच्या कार्यालयाकडून) आलेल्या लांबलचक इंग्रजी पत्राचा मराठी मसुदा. इथे फार डोकं चालवू नका, वापरा आणि एकदा वाचून घ्या. उरलेलं सगळं उजवीकडे. खरी डोकेदुखी तीच.

प्रार्थना विनंत्या यंत्रात घालू नका

रविवारी पेटीत चिठ्ठ्या येतात. कुणाची बायॉप्सी, कुणाची सून माहेरी निघून गेलेली, कुणाच्या पोराची दारू. त्या नीट टाइप करून, सारख्या भाषेत मांडून द्यायला एआय सोयीचं वाटतं, आणि आमच्या तरुण संघानं तसं सुचवलंही होतं. मी नाही म्हटलं. ती चिठ्ठी बाईनं देवापुढे आणि मंडळीपुढे ठेवलेली असते. कुठल्या तरी कंपनीच्या संगणकात ती जावी अशी परवानगी तिनं दिलेली नसते.

2024 मध्ये स्वित्झर्लंडच्या ल्युसर्नमधल्या पीटर्स चॅपेलात कन्फेशनच्या (पापांची कबुली देण्याच्या) खोलीत पडद्यावर बोलणारा एआय-येशू बसवला होता. प्रयोगच होता तो. पण आत बसणाऱ्याला आधी बजावलं जायचं की खासगी माहिती काही झालं तरी सांगू नका, जोखीम तुमची. आता कन्फेशनच्या खोलीत खासगी बोलायचं नाही, तर काय हवापाण्याच्या गप्पा मारायच्या?

शब्बाथ शाळेच्या (रविवारच्या बायबल वर्गाच्या) मुलांची नावं आणि फोटोही याच नियमात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहेच, पण कायदा नसता तरी आपण विचारायलाच हवं होतं.

वचन बोट ठेवून वाचा

यंत्र बायबल सराईतपणे सांगतं, आणि नसलेलं वचनही तितक्याच सराईतपणे. मराठीत ते जास्त घसरतं. अर्धं वाक्य बायबल सोसायटीच्या भाषांतरातलं, अर्धं मनचं, आणि खाली ऐटीत अध्याय-वचनाचा आकडा. कधी सिराख या फक्त कॅथलिक बायबलातल्या पुस्तकातलं वाक्य देतं. कॅथलिक बायबलात पुस्तकं 73, आपल्या हातातल्यात 66, मग मुलं पानं उलटत बसतात. ‘जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो’ हे तर कुठल्याच बायबलात नाही. (यात यंत्राला तरी काय बोलायचं, ते वाक्य मी पुलपिटवरूनही ऐकलंय.)

आमचा नियम असा: यंत्राकडून घ्यायचा तो फक्त संदर्भ. शब्द छापील बायबलातून घ्यायचे. बायबल उघडायचं, वचनावर बोट ठेवायचं, आणि वरची चार-पाच वचनं वाचून मगच उतरवायचं. वरची वचनं का, ते सांगते. दहावीच्या मुलांना शुभेच्छापत्र करायचं होतं. यंत्रानं फिलिप्पैकरांस 4:13 दिलं, जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो. संदर्भ बरोबर, शब्दही जवळपास बरोबर. पण 11 आणि 12 वाचा. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे सांगतोय की आहे त्यात समाधानी राहायला मी शिकलोय. भरल्या पोटीही राहता येतं आणि उपाशीही, भरभराटीतही आणि टंचाईतही. आणि सांगतोय तो तुरुंगातून. ते वचन पंच्याण्णव टक्के मिळवण्याचा मंत्र नाही, पंचावन्न मिळाले तरी मोडून न पडण्याचं बळ आहे. शब्बाथ शाळेच्या बाईंनी तिन्ही वचनं पत्रावर घातली. नापास झालेल्या पोरालाही ते पत्र देता आलं.

तपासून झालं की समासात पेन्सिलीनं तपासणाऱ्याची आद्याक्षरं. बिरुयाचे लोक पौलानं सांगितलेलंसुद्धा रोज शास्त्रात शोधून पाहायचे, आणि प्रेषितांची कृत्ये 17:11 मध्ये त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय.

गीतांचंही तेच करा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या नावावर यंत्र वाटेल ती ओळ खपवतं आणि यमकही जुळवून देतं. गीतांचं पुस्तक समोर ठेवून ताडून पाहा.

उपदेश

9 जून 2023 ला जर्मनीतल्या फ्युर्थच्या सेंट पॉल चर्चमध्ये चॅटजीपीटीनं रचलेली उपासना झाली. तीनशेवर लोक, सुमारे चाळीस मिनिटं, पडद्यावर संगणकानं घडवलेले चेहरे प्रार्थना आणि उपदेश करतायत. विश्वास टिकवायचा तर प्रार्थना करा आणि नियमित चर्चला या, असं त्या चेहऱ्यानं ढिम्म राहून सांगितलं तेव्हा लोक हसले. वाक्यात चूक काहीच नव्हती. पण सांगणाऱ्यानं स्वतः कधी गुडघे टेकले नव्हते.

पाळकांनी करिंथ शहराचा इतिहास विचारावा, नकाशा मागावा, आपला मसुदा देऊन “कुठे कंटाळवाणं होतंय?” असंही विचारावं. उपदेश मात्र स्वतः लिहावा. आमच्या पाळकसाहेबांना मी एक कसोटी सुचवली, ती त्यांना पटली: उपदेशात दुसऱ्या गावी जाऊन सांगता येणार नाही असं निदान एक वाक्य असलं पाहिजे. त्या आठवड्यात ते कुणाच्या घरी गेले, काय ऐकलं, त्यातून येणारं.

गेलेल्या माणसाला बोलायला लावू नका

हे सगळ्यात अवघड, कारण मागणी प्रेमापोटी येते. लग्न ठरतं, आजोबा वर्षापूर्वी गेलेले. कुणीतरी पुतण्या म्हणतो, त्यांचा फोटो आणि जुना आवाज देऊन व्हिडिओ करून घेऊ, आजोबा पडद्यावरून नवरा-नवरीला आशीर्वाद देतील. चर्चच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर आहेच.

आमचं उत्तर ‘नाही’ आहे, पण ते फोनवर द्यायचं नाही. घरी जा, चहा घ्या, आजोबांबद्दल बोलू द्या. मग सांगा: ते जे बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालणं ही खोटी साक्ष आहे, आणि ज्याच्या नावानं ती दिली तो नाकारायलाही इथे नाही. शौल राजानं एन-दोरच्या बाईकडे जाऊन मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला उठवायला लावलं, 1 शमुवेल 28, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मी सहसा ती काढत नाही, दुःखातल्या माणसाला टोचते. पुनरुत्थानाची आशा काढते. आजोबांचा आवाज आपण पुन्हा ऐकणार आहोत असं आपण मानतो, मग नकली कशाला? अंतिकुआ एत नोव्हा हा व्हॅटिकनचा दस्तऐवज 28 जानेवारी 2025 चा आहे. एआयला माणूस म्हणून पुढे करणं नेहमी टाळावं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आपण प्रोटेस्टंट असलो तरी चांगलं ते घ्यावं.

नुसतं नाही म्हणून उठू नका. खरं रेकॉर्डिंग शोधायला बसा. बहुतेक घरांत कुणाच्या तरी फोनमध्ये सापडतं: “अगं, दूधवाला आला का बघ” असलं काहीतरी व्हॉट्सॲपवरचं, मागे कुकरची शिट्टी. तेच लावा. लोक आधी हसतात, मग डोळे पुसतात. आशीर्वाद द्यायला घरात कुणी हयात थोरलं माणूस असतंच, त्यांना पुढे बसवा.

शोकपत्राचंही तसंच. यंत्र ‘न भरून येणारी पोकळी’ लिहितं. अर्थात आपणही वर्षानुवर्षं तेच लिहीत आलोय. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, हे रोमकरांस पत्रातलं सांगणं आहे आणि त्याला जावं लागतं. दोनच ओळी लिहा, पण हातानं.

पैसे मागणारा आवाज

थोडक्यात: पाळकांच्या हुबेहूब आवाजात “दवाखान्यात आहे, लगेच पाठवा” असा फोन आला तर ठेवा आणि त्यांच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावा. दान फक्त खजिनदाराकडे किंवा चर्चच्या नोटीस बोर्डवरच्या क्यूआर कोडवर. हे महिला मंडळात दोन-तीनदा सांगा, एकदा पुरत नाही.

मजुरी कुणाची दाबली जातेय

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत. ऊसतोडीची उचल आणि मुकादम काय असतो ते कुणी शिकवायला नको. शेत कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, हे याकोब 5:4 आपल्याला लगेच कळतं. एआयमागेही तोडणी कामगार आहेत. चॅटजीपीटीला घाण ओळखता यावी म्हणून केनियातल्या कामगारांना ताशी दोन डॉलरपेक्षा कमी मजुरीत हिंसेचे आणि अत्याचाराचे मजकूर वाचून खुणा कराव्या लागल्या, असं ‘टाइम’ मासिकानं जानेवारी 2023 मध्ये छापलं. पोप लिओ चौदावे यांनी मे 2025 मध्ये आपल्या नावाचं कारण सांगताना 1891 साली कामगारांच्या प्रश्नावर लिहिणाऱ्या लिओ तेराव्यांची आठवण काढली आणि एआयचं नाव घेतलं, ते उगीच नाही.

मंडळीनं यावर काय करायचं? फुकट आहे म्हणून ढीगभर चित्रं काढत बसू नका. आणि नाताळचा बॅनर रंगवणारा पेंटर, गाणी टाइप करून देणारी मुलगी यांचं काम यंत्रानं केलं म्हणून वाचलेले पैसे कुठे गेले, ते हिशेबात दाखवा. आमच्याकडे बॅनर अजून पेंटरच करतो.

ठराव

शेवटी हे सगळं इतिवृत्तात ठरावानं घ्या, नाहीतर सेक्रेटरी बदलली की सगळं मुसळ केरात. आमचा ठराव चार ओळींचा आहे: प्रार्थना विनंत्या आणि मुलांची माहिती यंत्रात जाणार नाही, वचन छापील बायबलातून, मृत किंवा हयात व्यक्तीचा बनावट आवाज-चेहरा चर्चच्या आवारात नाही, परिपत्रकात एआय वापरलं असेल तर तळाशी तसं आणि तपासणाऱ्याचं नाव. दरवर्षी वार्षिक सभेत तो पुन्हा वाचायचा. नाताळच्या नाटकाला एआयचं संगीत चालेल की आमचे पेटीवाले काकाच हवेत, यावर तरुण संघाशी वाद अजून मिटलेला नाही. तो विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतलाय.