मोहावी वाळवंटातील कासवांची गणना आणि देखरेख

अमेरिकेच्या नैऋत्येकडील मोहावी वाळवंटात राहणारे कासव आयुष्याचा बहुतांश काळ बिळात काढते, त्यामुळे दिसलेली कासवे मोजली म्हणजे संख्या कळली असे येथे होत नाही. न दिसलेल्यांचा भरवशाचा अंदाज बांधणे हेच गणनेतले खरे काम आहे. ही प्रजाती १९९० पासून संघराज्याच्या कायद्याने संरक्षित असल्यामुळे आधी परवाना घ्यावा.

गणना वसंत ऋतूत करावी, कारण तेव्हा कासवे चरण्यासाठी बाहेर पडतात. आखलेल्या सरळ रेषेवरून दोघांनी एकामागे एक चालावे आणि कासव दिसताच त्याचे रेषेपासूनचे काटकोनातले अंतर मोजावे. रेषेपासून दूर जावे तशी कासवे नजरेतून निसटतात, आणि ती किती निसटतात हे या अंतरांवरूनच ठरते. पण बिळात खोल बसलेले कासव अगदी रेषेवर असूनही दिसत नाही. म्हणून त्याच दिवसांत, त्याच परिसरातील रेडिओ ट्रान्समीटर बसवलेल्या कासवांपैकी किती दृष्टीस पडण्याजोगी आहेत ते पाहून आकडा दुरुस्त करावा लागतो. खर्च वाचवण्यासाठी नेमका हाच भाग गाळण्याचा मोह होतो. तो गाळला, तर कोरड्या वर्षी बाहेर न आलेली कासवे मेली असा खोटा निष्कर्ष निघू शकतो. कवचाची लांबी १८० मिलिमीटर किंवा अधिक असल्यास प्रौढ धरावे. पिल्ले फारच क्वचित दिसतात, त्यामुळे घनता प्रौढांचीच काढली जाते.

कासव उचलणे शक्यतो टाळावे. घाबरले की ते मूत्राशयात साठवलेले पाणी सोडून देते, आणि दुष्काळात तेवढ्यानेही ते दगावू शकते. हाताळावेच लागले तर प्रत्येकासाठी नवे हातमोजे घालावेत, कारण मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. जमिनीलगतचे तापमान ३५ अंश सेल्सिअसवर गेल्यास काम थांबवावे.

प्रजननक्षम होण्यास साधारण १२ ते २० वर्षे लागत असल्याने प्रौढ मादी वाचवणे सर्वांत मोलाचे ठरते. यासाठी महामार्गालगत खालची कड जमिनीत गाडलेली जाळी आणि रस्त्याखालून जाण्यासाठी मोऱ्या हव्यात. नव्या जाळीलगत येरझाऱ्या घालणारी कासवे उन्हाने मरू शकतात, म्हणून तेथे सावलीची सोय करून सुरुवातीला वारंवार फेरी मारावी. पिल्लांचे मऊ कवच डोमकावळे फोडतात, तेव्हा कचरा उघडा ठेवू नये आणि डोमकावळ्यांच्या घरट्यांखाली पडलेल्या कवचांची नोंद ठेवावी. स्थलांतर मात्र शेवटचाच उपाय मानावा, कारण नव्या जागी सोडलेली कासवे पहिल्या वर्षी दूरवर भटकतात. ट्रान्समीटर लावून त्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा करण्याची तयारी नसेल, तर ती हलवू नयेत.