शिंगरू, पोरगं आणि कमी बोलणारा बाप: तिघांचं जमवायचं कसं

शेतावर शिंगरू, म्हणजे घोडीचं पिल्लू, असलं की पोरगं दिवसभर त्याच्याच मागे, आणि बाप लांबूनच "लाथ बसेल रे" एवढं ओरडून आपल्या कामाला. बापाचं चूक नाही, लाथ खरंच बसते. म्हणून आधी पोराला उभं कुठं राहायचं ते सांगा. घोड्याला बरोब्बर पाठीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं दिसत नाही, त्यामुळे खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत, सावकाश जायचं, आणि घोडी जवळ असेल तर आधी तिच्याकडे बघायचं, तिनं कान मागे चिकटवले की त्या दिवशी विषय बंद.

पहिला हात डोक्याला लावू नका. आयाळ संपते तिथल्या उंचवट्याजवळ खाजवायचं, घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात, शिंगरू मान लांब करून वरचा ओठ हलवायला लागलं की समजा आवडलं. ते बाजूला गेलं तर मागे धावायचं नाही. पोरांना हेच सगळ्यात अवघड जातं, पण आपल्याला कोणी अडवत नाही हे कळलं की बहुतेक शिंगरं आपणहून परत येतात. हातानं खाऊ देऊ नका, चावायची सवय लागते आणि मग ती मोडता मोडत नाही. दोरी हाताला गुंडाळायची नाही म्हणजे नाही. पाठीवर बसायचा हट्ट निदान 3 वर्षं तरी नको, हाडं कच्ची असतात.

आता बाप. त्याला "जरा शिकवा पोराला" म्हणू नका, असे बाप शिकवायला बसले की रागावतातच. त्यापेक्षा कामाला जुंपा. मोरकी, म्हणजे शिंगराच्या तोंडाला बांधलेली दोरी, त्यानं धरायची, खरारा, म्हणजे ब्रशनं अंग घासणं, पोरानं करायचा. पाय उचलून द्यायची सवय लावताना तसंही दोघं लागतात, एक डोक्याशी, एक पायाशी, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे अबोल माणूसही दोन शब्द बोलून जातो. पोराला सांगून ठेवा, "बाबा, मी कसं केलं?" असं नको विचारू, "बाबा, हा मागचा पाय उचलेना, काय करू?" असं विचार, याचं उत्तर द्यावंच लागतं. आणि तुम्ही मध्ये उभं राहून दोघांच्या वतीनं बोलत बसू नका, खरंच दुसरीकडे जा.

रोज 10 मिनिटं पुरे, शिंगरू कंटाळायच्या आत थांबायचं. बापाला वेळ नसेल त्या दिवशी खरारा पोरानं एकट्यानं करू दे, पण मागचे पाय बापासाठी राखून ठेवा.