जहाजात पाणी भरताना आधी पाइप पाहा

आपल्या यवतमाळकडचे पोट्टे आता जहाजावर जाऊन राह्यले, कोणी डेकवर, कोणी किचनमधी, म्हणून हे लिहून ठेवतो. समुद्र आपल्यापासून लांब, पण पाण्याची गोष्ट तीच. उन्हाळ्यात गावात टँकर येते तेव्हा पाहा, टँकरातलं पाणी चांगलं असते, मंग ड्रायव्हर पाइप विहिरीत सोडते अन् तो पाइप रस्ताभर धुळीतून शेणातून घासत आलेला असते. बंदरातही तसंच आहे, पाणी बहुतेक वेळा नळाच्या तोंडापर्यंत ठीक असते, बिघडते ते त्याच्यापुढं.

जहाज धक्क्याले लागलं की पाणी धक्क्यावरच्या हायड्रंटमधून, म्हणजे मोठ्या नळातून भेटते, नाहीतर पाण्याच्या बार्जवरून, म्हणजे पाणी घेऊन येणाऱ्या सपाट बोटीवरून. कुठूनही घ्या, पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळाच पायजे, त्याच्यावर तसं लिहिलेलं पायजे, अन् डेक धुवायले किंवा आगीच्या लाइनीले तो कधीच लावायचा नाही. काम झालं की पूर्ण निथळू द्या, दोन्ही तोंडाले झाकण लावा, लॉकरमधी जमिनीपासून वर ठेवा. एका बंदरात मी पाह्यलं, पाइपाचं तोंड जहाज अन् धक्क्याच्या मधल्या पाण्यात लोंबत होतं, वर तेलाचा तवंग, अन् तोच पाइप उचलून एकजण आमच्या टाकीले लावायले निघाला. मी हात धरून थांबवला. त्याले राग आला, पण पाइप बदलला.

जोडायच्या आधी हायड्रंट थोडा वेळ नुसता वाहू द्या, मंग पाइपातून पाणी सोडून द्या, अन् मंगच जोडा. गावात नळ जाते तेव्हा हौदात बुडलेली नळी हौदातलं पाणी उलटं ओढते ना, तसंच जहाजातलं पाणी बंदराच्या लाइनीत जाऊ शकते, म्हणून उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह पायजेच, नाहीतर नळाचं तोंड अन् टाकीतलं पाणी यांच्यात पाइपाच्या जाडीच्या दुप्पट तरी मोकळी जागा ठेवा.

क्लोरीन मोजल्याशिवाय पाणी वापरायले देऊ नका. आपले जलसुरक्षक ओटी, म्हणजे क्लोरीन तपासायचं औषध टाकतात तेव्हा क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होते, जहाजावर त्याच कामाची डीपीडीची गोळी असते, तिनं गुलाबी होते. टाकीत अर्ध्या तासानं लिटरमागं 0.5 मिलिग्रॅम अन् सगळ्यात लांबच्या नळाले 0.2 तरी राहायले पायजे. लांबचाच नळ तपासा, आपल्या गावातही शेवटच्या घरीच त्रास असते. पीएच 8 च्या वर गेला की क्लोरीन कमजोर पडते, अन् पाणी गढूळ असलं तर क्लोरीन गाळातच खपते.

इंजिनवाले म्हणतील आपणच समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी बनवू. बंदरात नाही बनवायचं, किनाऱ्याजवळही नाही. त्या मशीनमधी हवा ओढून घेतलेली असते, पाणी 50 अंशाच्या आसपासच उकळते, त्यानं जंतू मरत नाहीत अन् बंदराच्या पाण्यात गटार, तेल सगळंच असते.

टाकी साफ करायची झाली तर 50 पीपीएम, म्हणजे लिटरमागं 50 मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी भरून 4 तास ठेवा, अन् त्या वेळात कोणी ते पाणी पिऊ नये म्हणून नळांवर पाटी लावा. 10 टनाच्या टाकीले 33 टक्के क्लोरीनवाली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर साधारण दीड किलो लागते. पावडर आधी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणीच टाकीत टाका. उघडी पडलेली जुनी बॅग वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असते. शेवटी पाणी सोडून टाकी चांगली धुवा अन् पुन्हा क्लोरीन मोजा. आत उतरायचं असलं तर हवा तपासल्याशिवाय, परवानगीशिवाय अन् वर माणूस उभा केल्याशिवाय उतरू नका बाप्पा, बंद विहिरीत माणसं कशी जीवानिशी जातात ते आपल्याले माहीत आहे.

हे सगळं रजिस्टरमधी लिहा, तारीख, बंदर, किती टन, क्लोरीन किती निघाला. जहाजाची स्वच्छता तपासून देतात ते सॅनिटेशन सर्टिफिकेट 6 महिन्यांचं असते, तपासणीवाले आले की रजिस्टर मागतील, अन् पाइपाचं लॉकरही उघडायले लावतील.