दुसऱ्या देशातल्या उठावातून धडा कसा काढावा

सरकार कोसळलं त्या दिवसापासून अभ्यास सुरू करू नका, दोन-तीन वर्षं मागे जा. श्रीलंकेत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे जुलै २०२२ मध्ये देश सोडून गेले. पण २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ वर आणला, तेव्हाच तिजोरीला भोक पडलं होतं. पुढे कोविडमुळे पर्यटन थांबलं, एप्रिल २०२१ च्या रासायनिक खतबंदीने पीक घटलं आणि परकीय चलन संपलं. पेट्रोलच्या रांगा हे शेवटचं टोक.

मग शेवटच्या आठवड्यांचा तक्ता करा: तारीख, मागणी, सरकारचं उत्तर, तोवर गेलेले जीव. बांगलादेशचा २०२४ चा तक्ता मांडून पाहाच. जूनमध्ये उच्च न्यायालयाने स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांचा ३० टक्के नोकरी-कोटा परत आणला. विद्यार्थ्यांची मागणी तेव्हा फक्त कोटा सुधारण्याची होती. १४ जुलैला पंतप्रधान शेख हसीनांनी आंदोलकांबद्दल बोलताना ‘रझाकार’ (१९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याला साथ देणारे) शब्द वापरला, १६ ला पहिले बळी गेले, १८ ला इंटरनेट बंद झालं. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ९३ टक्के जागा गुणवत्तेवर दिल्या, म्हणजे मूळ मागणी जवळपास मान्यच झाली. पण तोवर शंभराहून अधिक माणसं मेली होती. ३ ऑगस्टला मागणी एकच उरली, राजीनामा. ५ ला हसीना देशाबाहेर. हाच निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात बहुधा पुरला असता. पहिला मृतदेह पडला की सवलतीची किंमत उतरते, हे दुसऱ्या-चौथ्या रकान्यात सरळ दिसतं.

फक्त यशस्वी उठाव घेतले तर निष्कर्ष फसतो. बेलारूसमध्ये २०२० साली प्रचंड मोर्चे निघाले, पण सुरक्षा दलं राष्ट्राध्यक्ष लुकाशेंकोंकडेच राहिली. इजिप्तमध्ये लष्कराने २०११ ला राष्ट्राध्यक्ष मुबारक यांची साथ सोडली आणि त्यांच्यानंतर निवडून आलेल्या मुर्सींनाही २०१३ ला हटवलं. म्हणून बंदूक कुणाचं ऐकते हा रकाना हवाच.

सत्तांतरानंतरची दहा वर्षंही तपासा. ट्युनिशियात २०११ ला उठावाने सत्ता पालटली; तिथल्या २०१४ च्या राज्यघटनेत १२ सदस्यांच्या घटना न्यायालयाची तरतूद होती. चौघांना संसदेने दोन-तृतीयांश मतांनी निवडायचं होतं. पक्षांच्या भांडणात एकच निवडला गेला आणि न्यायालय उभंच राहिलं नाही. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली, तेव्हा ते घटनेत बसतं का हे सांगायला कुणी नव्हतं. आपल्या देशातल्या निवडणूक आयोगापासून न्यायालयांपर्यंत कुठली पदं किती महिने रिकामी आहेत, ती यादी आजच काढा.