हौदातलं पाणी पाखरांपासून कसं जपायचं

गाय हौदापाशी येते, नाक खाली नेते, फुसकारते आणि तोंड फिरवून निघून जाते. तिला तहान नसते असं नाही, पाणी नासलेलं असतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या हौदात (आमच्याकडे हाळ म्हणतात) उंदराचं आतडं तरंगताना सापडलं. काम कावळ्याचं. वाळक्या भाकरीचा तुकडा असो की मेलेला उंदीर, कावळा तो पाण्यात बुचकळून मऊ करतो, हवं तेवढं खातो आणि उरलेलं तिथंच सोडून जातो. पारवे आणि साळुंक्या त्यामानानं साध्या. कडेवर बसतात, पितात, आंघोळ करतात आणि शिटून जातात.

दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं, त्यामुळे गाय कमी प्यायली की धारेला लगेच कळतं. शिवाय पाखरांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू पाण्यात उतरतात. गोठ्यालगत कोंबड्या असतील तर जास्तच जपा. २००६ साली नवापूरला आलेला बर्ड फ्लू कोंबडीवाले विसरलेले नाहीत, आणि त्याचा विषाणू विष्ठेतूनही पसरतो.

आधी एक दिवस नुसतं बघा

सकाळी उन्हं वर यायच्या सुमाराला आणि दुपारी चारनंतर. पाखरू बहुतेक वेळा थेट हौदावर उतरत नाही. आधी वर कुठंतरी बसतं, अंदाज घेतं, मग खाली येतं. ती वरची जागा सापडली की अर्धं काम झालं. आमच्याकडे शेवग्याची एक फांदी आणि हौदावरून आडवा नेलेला पाइप, एवढ्याच दोन जागा होत्या. फांदी छाटली, पाइप भिंतीलगत घेतला. पाण्यात पडणारी निम्मी घाण त्या आठवड्यातच थांबली.

आडवा वासा किंवा लोखंडी अँगल काढता येत नसेल तर त्याच्यावर जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार ताणून बांधा आणि तारेत पीव्हीसी पाइपचा तुकडा सैल ओवा. पाखरू बसलं की पाइप गरकन फिरतो आणि त्याला उडावंच लागतं. हौदाची सपाट, रुंद कडा म्हणजे तर पाखरांचा पाटच. तिला सिमेंटनं बाहेरच्या बाजूला चांगला तिरका उतार द्या, म्हणजे त्यातूनही कुणी बसलंच तरी शीट बाहेर ओघळेल. कोपरे गोल घोटा, गाईच्या गळ्याला लागता कामा नयेत.

गव्हाण आणि हौद शेजारी नको

पेंड खाता खाता गाय पाण्यात तोंड घालते, भरडा पाण्यात पडतो, आणि पाखरांना दाणा-पाणी एकाच जागी मिळतं. दोन्हींत आठ-दहा फूट अंतर ठेवा, सांडलेलं रोज झाडा.

हौद गोठ्यात असेल तर जाळी लावता येते. पारव्यासाठी दोन इंची, साळुंकीसाठी एक इंची, चिमणीसाठी पाऊण इंची. मात्र ताणून लावा. ढिल्या जाळीत पाखरं अडकून मरतात आणि मग तीच कुजून पाण्यात पडतात.

चमकत्या पट्ट्या, सीडी, बुजगावणं यांचा धाक आठ दिवसांचा. नवव्या दिवशी साळुंकी बुजगावण्याच्या डोक्यावर बसते. विषाचा तर विचारही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा ठरू शकतोच, आणि तेच पाणी आपली गुरंही पितात.

त्यांचं पाणी वेगळं ठेवा

हे सांगितलं की लोक हसतात, पण उन्हाळ्यात याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. हौदापासून वीस-पंचवीस फुटांवर, सावलीत, मातीचं पसरट परळ ठेवा. दोन बोटं पाणी पुरे. लहान पाखरांना उथळच आवडतं, हौदाच्या खोल पाण्याची त्यांना भीती असते. परळ भल्या पहाटे भरा, पाखरं हौदाकडे वळायच्या आत. रोज घासा, नाहीतर रोग तिथून पसरेल. पहिले तीन-चार दिवस काही फरक दिसणार नाही, धीर धरा.

हौदातली पातळी काठापासून वीतभर खाली ठेवली तर काठावरून चोच पुरत नाही. पण मग आत पडलेल्या पाखराला वर येता येत नाही, म्हणून एका कोपऱ्यात पाण्याबाहेर डोकावणारा खडबडीत दगड ठेवा.

धुणं चुकत नाही

वाळलेली शीट कोरडी खरवडू नका, तिची धूळ छातीत जाते. आधी ओली करा, तोंडाला फडकं बांधा. आठवड्याला हौद पूर्ण रिकामा करून काथ्यानं घासा. भरल्यावर हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, साका खाली बसू द्या आणि वरची निवळी हौदात ओता. अर्धा तास गुरं सोडू नका. हौद घासलेला नसेल तर घाणच ती पावडर खाऊन टाकते.

महिन्यातून एकदा आतून चुना मारा, शेवाळ धरत नाही. चुना सुकायला दिवस जातो आणि तोवर गुरांना बादलीनं पाजावं लागतं. आम्ही हे अमावस्येला करतो. त्या दिवशी औत बंद असतं, घरातली माणसं मोकळी सापडतात.